कुलाबा ते पायधुणी: मुंबईच्या पहिल्या ट्राममार्गावरून पायी

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचे मार्ग दोनच होते: एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारा आणि दुसरा बोरीबंदरहून (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून) काळबादेवीमार्गे पायधुणीलाच पोहोचणारा. त्यांपैकी पहिला मार्ग आम्ही रविवारी सकाळी पायी चाललो. रूळ आता दिसत नाहीत; तरीही साहेबांचा फोर्ट भाग आणि दाट देशी वस्ती यांना जोडणारी ही आखणी व्यापाराच्या दृष्टीने किती अचूक होती, हे चालतानाच उमगते.

कुलाब्यातील रीगल सिनेमापासून काळा घोडा आणि हुतात्मा चौकापर्यंत रस्ता ऐसपैस आहे. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी तेथील खोदकामात ट्रामचे जुने रूळ सापडले होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि ऐन भरात शेकडो घोडे बाळगणारा तबेल्यांचा पसारा हळूहळू आवरला गेला. १९२० मध्ये तर दुमजली ट्रामही धावू लागली.

खरा इतिहास मात्र क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, पुढे कळतो. अब्दुल रेहमान स्ट्रीटसारख्या चिंचोळ्या रस्त्यांवर हातगाड्या आणि हमाल यांच्यातून वाट काढताना लक्षात येते, की रुळांना बांधलेले वाहन बाजूला वळू शकत नाही आणि एक ट्राम अडली की मागच्या साऱ्या खोळंबतात. १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या बसला हे बंधन नव्हते. अखेर ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर या फेरीने ट्रामयुग संपले. कोंडीचा सारा दोष ट्रामवर टाकणे मला पटत नाही, कारण ती जाऊन साठ वर्षे झाली तरी या गल्ल्या मोकळ्या झालेल्या नाहीत.

हे अंतर साधारण चार किलोमीटरचे आहे. इमारती निवांत पाहायच्या असतील तर रविवार सकाळ उत्तम. परंतु बाजारपेठेतील दाटी अनुभवायची असल्यास फोर्टपर्यंतचा टप्पा रविवारी आणि मंडईपुढचा टप्पा कामाच्या दिवशी करावा. पाणी आणि टोपी जवळ असावी. परतताना मशीद स्थानक जवळ पडते. मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात आहे. ते या मार्गापासून बरेच दूर असल्याने त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा आणि निघण्यापूर्वी त्याच्या वेळा विचारून घ्याव्यात.