‘ने’ की ‘ला’

काका माझ्याकडे वाक्‌उपचारांसाठी येऊ लागले तेव्हा त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन सहा महिने उलटले होते. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे त्यांचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला होता, चालताना उजवा पाय किंचित ओढला जात होता आणि बोलणे चार-दोन शब्दांवर येऊन ठेपले होते. बहुसंख्य माणसांमध्ये भाषेचे मुख्य व्यवहार मेंदूच्या डाव्या अर्धगोलात चालतात आणि शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही तिथूनच होते, त्यामुळे उजवा हात आणि वाचा एकाच वेळी जाण्याचा हा प्रकार आम्हाला वारंवार पाहायला मिळतो. (ओळख पटू नये म्हणून या जोडप्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत.)

पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो ‘टॅन’ या एकाच उच्चारावर सारा संवाद चालवत असे. त्या मानाने काका श्रीमंत होते. त्यांना बोललेले बहुतेक सगळे समजत होते, वर्तमानपत्रातील मथळे ते वाचत होते आणि एकपासून दहापर्यंतचे आकडे तर एका दमात म्हणत होते. मात्र “आज वार कोणता?” असे विचारले की ते अडत, आणि मग सोमवारपासून मनातल्या मनात पायऱ्या चढत गुरुवारपर्यंत येऊन थांबत. पाठ झालेली, सवयीची भाषा शाबूत राहते आणि स्वतः जुळवून बोलायची भाषा हरवते, हे वाचाघाताचे, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवण्याच्या विकाराचे, एक जुने आणि रुग्णाच्या घरच्यांना कोड्यात टाकणारे वैशिष्ट्य आहे.

जे शब्द काकांना सापडत, तेही तारेच्या मजकुरासारखे सुटे असत. नामे येत, क्रियापदे क्वचित येत, आणि प्रत्यय तर पार गळून पडलेले असत. मराठीत ही गळती फार महागात पडते. इंग्रजीत कोणता शब्द आधी आला यावरून निदान कर्ता कोण ते उमगते. आपल्याकडे शब्द कसेही मागेपुढे फिरू शकतात आणि कोणी कोणाला काय केले याचा सगळा भार ‘ने’, ‘ला’, ‘शी’ अशा चिमुकल्या अक्षरांवर असतो. ती अक्षरे गेली की ऐकणाऱ्याच्या हाती नुसते सुटे मणी उरतात.

हे मणी ओवण्याचे काम काकूंनी आपणहून स्वीकारले होते. मी काकांना प्रश्न विचारायचा आणि काकूंनी उत्तर द्यायचे, अशी आमची घडी बसून गेली होती. मी त्यांना दोष देत नाही, कारण सहा महिने ज्या घरात एका माणसाला पाणी मागायलाही अर्धा मिनिट लागतो, तिथे दुसऱ्याने त्याच्या आधी बोलून मोकळे होणे हा मायेचाच प्रकार असतो. शिवाय माझेही काही फार बरे चालले होते असे नाही. दोन महिने मी काकांसमोर चित्रांची कार्डे धरत होते आणि ज्या वस्तूचे नाव मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे, आणि मला ते ठाऊक असल्याचे त्यांनाही ठाऊक आहे, तिचे नाव त्यांच्याकडून वदवून घेत होते. तीस कार्डांपैकी अकरा ही त्यांची सर्वोत्तम मजल होती.

त्या गुरुवारी काकांनी सातव्या कार्डानंतर डाव्या हाताने सगळा गठ्ठा शांतपणे माझ्याकडे सरकवला. वेळ संपायला वीस-पंचवीस मिनिटे होती. ती कशी भरून काढावी हे न सुचल्यामुळे, आणि उपचाराचा कोणताही हेतू मनात नसताना, मी काकूंना सहज विचारले, “काकू, तुमचं लग्न ठरलं कसं?”

काकू खुलल्या. सदतीस वर्षांपूर्वी दोघे एकाच कार्यालयात हिशेब विभागात होते. वर्षअखेरीचा ताळा काही केल्या जुळत नव्हता. बाकीचे कर्मचारी एकेक करून निघून गेले आणि हे दोघे खातेवह्या पुढ्यात घेऊन बसून राहिले. शेवटी रात्री नऊच्या सुमारास उलटासुलटा लिहिला गेलेला एक आकडा सापडला, ताळा जुळला, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, “ह्यांनी पेन खाली ठेवलं न् म्हणाले, हिशेब जुळला, आता आपलंही जुळवायचं का?”

हा किस्सा त्यांनी शेकडो वेळा सांगितलेला असणार, हे त्यातील विरामांवरूनही कळत होते. हसण्याची जागा येण्याआधी त्या अर्धा क्षण थांबल्या आणि मी अपेक्षेप्रमाणे हसले. माझी नजर काकांकडे गेली, तर ते हसत नव्हते. त्यांनी टेबलावर बोट वाजवले आणि म्हणाले, “ही... विचार.”

काकू म्हणाल्या, “हो, तेच सांगतेय. तुम्ही मला विचारलंत.”

“ही,” काका पुन्हा म्हणाले. “विचार... ही.”

आता ‘हिला विचारलं’ की ‘हिने विचारलं’? बोट काकूंकडे होते, पण बोटालाही विभक्ती नसते. मी विचारले, “काका, तुम्ही यांना विचारलंत?” त्यांनी “हो” म्हणून मान नकारार्थी हलवली. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल वरचेवर होते, त्यामुळे केवळ त्या शब्दांवर विसंबून चालत नाही. काकू एव्हाना पुढचा प्रसंग सांगायला लागल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवले, आणि ते जरा अधिकच तुटकपणे झाले असावे, कारण त्या एकदम गप्प झाल्या.

मी एका कोऱ्या कागदावर दोन वर्तुळे काढली, एकात ‘काका’ आणि दुसऱ्यात ‘काकू’ असे लिहिले आणि वर मोठ्या अक्षरांत ‘विचारलं’ असा शब्द टाकला. कॅनडातील वाक्‌उपचारतज्ज्ञ ऑरा केगन यांनी १९९० च्या दशकात वाचाघाताच्या रुग्णांशी संवाद साधण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात कागद, ठळक शब्द आणि रेखाटने हाताशी ठेवून बोलणे हा महत्त्वाचा भाग आहे. रुग्णाला सगळे कळते आहे असे गृहीत धरायचे, तसे त्याला जाणवू द्यायचे आणि मग त्याच्या मनातले बाहेर येण्यासाठी वाट करून द्यायची. हे मला पाठ होते. दोन महिन्यांत एकदाही वापरावेसे मात्र वाटले नव्हते.

काकांनी पेन्सिल डाव्या हातात धरली. सवय नसल्यामुळे टोक कागदावर थरथरत होते. त्यांनी ‘काका’ या वर्तुळापासून सुरुवात केली आणि रेघ हळूहळू ‘काकू’पर्यंत नेली. “बघा, मी काय सांगत होते!” काकू म्हणाल्या. काकांनी पेन्सिल उचलली नाही. त्याच रेघेवरून ते तसेच मागे आले आणि आपल्या वर्तुळापाशी, म्हणजे सुरुवात केली होती तिथे, बाणाची दोन टोके काढली. दुसरे टोक काढताना दाब इतका पडला की कागद फाटला.

“असं काही नाही हं,” काकू म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटे मी जवळजवळ काहीच केले नाही, आणि माझ्या आजवरच्या कामातील ती सर्वांत चांगली दहा मिनिटे असावीत असे मला वाटते. काकू आपली बाजू मांडत होत्या आणि काका त्यांना अडवत होते. “नाही! लाल... पेन... ही. खाली... मी... नाही.” पेन खाली ठेवले ते काकूंनी, आणि पेन लाल होते, असा त्याचा अर्थ असावा. “दिवा... बंद... जिना,” असेही ते म्हणाले, आणि यावर काकू दचकून म्हणाल्या, “अहो, जिन्यातला दिवा गेला होता! हे तर मी विसरूनच गेले होते.” मी कागदाच्या कडेला काकांचे शब्द टिपत होते. ‘लाल’, ‘खाली’, ‘दिवा’, ‘बंद’, ‘जिना’, ‘वही’, ‘हसली’. यांतील ‘वही’ आणि ‘दिवा’ माझ्या कार्डांवर होते आणि ते त्यांनी एकदाही ओळखून सांगितले नव्हते. ‘हसली’ हे तर रूप चालवलेले, कर्त्याप्रमाणे लिंग घेतलेले क्रियापद होते.

रागाच्या किंवा आवेगाच्या भरात वाचाघाताच्या रुग्णांच्या तोंडून एखादा शब्द अवचित निसटतो, हे आम्ही जाणतो. बहुधा तो उद्‌गार किंवा शिवी असते. इथे मात्र काका पुरावे देत होते. त्यांच्याजवळ असे काहीतरी होते जे खोलीतील दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते, किंवा ज्याला ठाऊक होते ते माणूस कबूल करत नव्हते, आणि ते सांगितल्यावाचून त्यांना राहवत नव्हते. माझ्या एकाही कार्डाने त्यांना अशा पेचात टाकले नव्हते.

काकूंचा चेहरा लाल झाला होता. त्या चिडल्या आहेत, आता रडतील की काय, असे वाटून मी विषय बदलणार होते, तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आठ महिने झाले, घरात मी चुकले असं कोणी म्हटलंच नाही हो.” मग त्यांनी नवऱ्याकडे पाहून, अगदी ठासून, आपलाच मुद्दा पुन्हा मांडला.

केस पेपरवर त्या दिवशी काय लिहावे हे मला बराच वेळ सुचेना. नेमके विचारले कोणी, हे ठरवणे माझे काम नव्हते आणि आजही मला ते माहीत नाही. शेवटी मी इतकेच लिहिले : ‘मतभेदाच्या प्रसंगी स्वयंस्फूर्त शब्दसंख्या लक्षणीय वाढली. चित्रकार्डे तूर्त बंद. पत्नीने किस्से सांगावेत, रुग्णाने दुरुस्त करावेत.’ निघताना मी काकांना दोन चिठ्ठ्या दिल्या. एकीवर ‘हिने’ आणि दुसरीवर ‘हिला’ असे लिहिले होते.

पुढच्या गुरुवारी ते दोघे दहा मिनिटे आधीच आले. काका खुर्चीत बसले, काठी टेबलाला टेकवली आणि मी नमस्कार करण्याच्या आतच, ओठ दोनदा जुळवून पाहत, म्हणाले, “हि... ने.”

काकूंनी पिशवी खुर्चीला अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ह्यांनी.”

काकांनी टेबलावर थाप मारली आणि कागदासाठी डावा हात पुढे केला.