क्रमांक बदललेल्या पेट्या

मूकपटांच्या काळातल्या संसारी विनोदाचा विषय निघाला की मला आधी अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा ‘वन वीक’ आठवतो. सप्टेंबर १९२० मध्ये आलेला, अवघ्या दोन रिळांचा हा चित्रपट मी कितीदा पाहिला याची मोजदाद ठेवलेली नाही. तरीही ते वेडेवाकडे घर पडद्यावर उभे राहू लागले की मी हातातले काम बाजूला ठेवते.

नुकतेच लग्न झालेल्या जोडप्याला काकांकडून आहेर म्हणून एक जागा आणि पेट्यांत भरलेले, सुट्या भागांचे घर मिळते. ही कल्पना हवेतली नव्हती. सिअर्स रोबक कंपनी १९०८ पासून अशी घरे टपालाने मागणी घेऊन विकत होती, आणि ती जुळवणारी साधी माणसे अमेरिकेच्या प्रेक्षकांना चांगली ओळखीची होती. चित्रपटात नववधूने पूर्वी नाकारलेला एकजण पेट्यांवरचे आकडे गुपचूप बदलतो. नवरा झालेला बस्टर सूचनांचा कागद हातात धरून, एकही पायरी न चुकवता काम करत राहतो आणि त्या निष्ठेचे फळ म्हणून भिंती तिरक्या, खिडक्या भलत्याच ठिकाणी आणि मोरी घराबाहेर असे ध्यान उभे राहते.

त्याआधीच्या घरगुती विनोदपटांत गंमत बहुधा नवरा-बायकोतल्या लपवाछपवीवर उभी असे. व्हिटाग्राफ कंपनीचे जॉन बनी आणि फ्लोरा फिंच हे त्या प्रकारातले गाजलेले जोडपे. १९१२ च्या ‘अ क्युअर फॉर पोकरायटिस’मध्ये पत्ते सोडल्याची शपथ घेतलेला नवरा सभेचे निमित्त सांगून खेळायला जातो आणि बायको खोट्या पोलिसांचा छापा घालून त्याला ताळ्यावर आणते. बनीचा गोल चेहरा आणि फिंचची काटकुळी अंगलट मला आवडते. पण तिथे दोघे सतत एकमेकांसमोर उभे ठाकलेले असतात. ‘वन वीक’मध्ये मात्र दोघे एका बाजूला आहेत, आणि घर, वादळ, रेल्वे असे सगळे जग दुसऱ्या बाजूला.

याचे श्रेय मी बरेचसे सिबिल सीलीला देते. तिची नववधू नवऱ्याला नावे ठेवत नाही, डोके धरून बसत नाही. बांधकाम चालू असताना ती बाहेरच्या भिंतीवर बाणाने जोडलेली दोन हृदये रंगवते. त्या क्षणी घराला एकही सरळ कोपरा नसतो, आणि तिला त्याची फिकीर नसते. आंघोळीच्या दृश्यात साबण टबाबाहेर पडतो. तो घ्यायला वाकण्याआधी ती थेट आपल्याकडे पाहते, कुणाचा तरी तळहात कॅमेऱ्यापुढे येतो, आणि हात बाजूला झाल्यावर ती समाधानाने हसते.

शुक्रवारी, तेरा तारखेला, पाहुणे जमलेले असताना वादळ सुटते आणि घर स्वतःभोवती फिरू लागते. कीटनने त्यासाठी खरोखरीचे घर फिरत्या चबुतऱ्यावर उभारले होते, म्हणून आत शिरण्यासाठी दाराकडे झेपावणारा आणि दरवेळी फेकला जाणारा माणूस पाहताना आपला श्वास अडकतो.

मग कळते की घर चुकीच्या जागेवर बांधले आहे. पाटी उलटी लागल्यामुळे जागेच्या क्रमांकात ६६ आणि ९९ यांची गल्लत झाली होती. रुळांपलीकडे ओढून नेताना ते नेमके रुळांवर अडते. गाडी येताना दिसते, दोघे डोळे झाकतात, आणि ती शेजारच्या रुळावरून निघून जाते. त्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराच्या चिंधड्या उडवते. बस्टर त्या ढिगाऱ्याला ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो, घर जुळवण्याच्या सूचनांचा कागदही तिथेच ठेवतो, आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.