पिव्होट पॉइंट वहीत काढून शिकलो, माझा अनुभव

पिव्होट पॉइंट म्हणजे कालच्या भावांवरून काढलेल्या लेव्हल, आज शेअरचा भाव कुठं अडेल, कुठं वळेल याचा अंदाज यायला. यूट्यूबवर सगळे चार्टवर डायरेक्ट इंडिकेटर (या लेव्हल आपोआप काढणारं टूल) लावायला सांगतात, पण मला नव्या पेठेत आमच्या दुकानाचा हिशेब बघणाऱ्या काकांनी आधी वही काढायला लावली, म्हणाले "मोबाइल नंतर बघ बे, आधी हातानं काढ की". शेअरचा कालचा हाय (सगळ्यात वरचा भाव), लो (सगळ्यात खालचा), क्लोज (बंद भाव), तिन्हीची बेरीज भागिले 3, झाला पिव्होट. समजा हाय 520, लो 500, क्लोज 516, तर पिव्होट 512. त्याच्या दुपटीतून लो वजा केला की आर वन (पहिला रेझिस्टन्स, भाव वर जाताना जिथं अडू शकतो) 524, हाय वजा केला की एस वन (पहिला सपोर्ट, खाली येताना जिथं टेकू शकतो) 504, आणि दिवसाची रेंज 20 पिव्होटमध्ये मिळवली की आर टू 532, वजा केली की एस टू 492. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा एक्स्चेंजच्या फ्लोअरवरचे ट्रेडर असंच कागदावर काढायचे म्हणे.

आता गंमत अशी की माझे आकडे आणि चार्टवरचे जुळेनात, थोडासाच फरक पण डोकं खात होता, सूत्र तर बरोबर. मग कळलं एनएसईचा (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा) क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नाही, मी शिकत होतो तेव्हा तो 3 ते 3:30 मधल्या सौद्यांची वेटेड सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन) असायचा, आणि काही चार्ट शेवटचा भाव धरतात. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत राव.

लेव्हल आली की घेऊन टाक, असं काही नसतं. भाव एस वनजवळ आला की मी 15 मिनिटांची कँडल (चार्टवर तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी पट्टी) त्याच्या वर बंद होते का बघतो, व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले) बघतो, मगच हात घालतो, स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून विकून बाहेर पडायचा भाव) एस वनच्या जरा खाली. खाली कँडल बंद झाली तर तोच सपोर्ट आता रेझिस्टन्स, विषय संपला. बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही आपली सोलापूरची नावं म्हणून कौतुकानं तिथंही लेव्हल काढल्या, पण निफ्टीतल्या मोठ्या शेअरइतका व्हॉल्यूम तिथं नसतो, आणि माझ्या मते ज्या लेव्हलकडं फार जण बघतच नाहीत तिथं भाव थांबेल तरी कशाला? कंपनीच्या रिझल्टच्या दिवशी, नाहीतर मोठा गॅप (कालच्या क्लोजपासून लांब उघडलेला भाव) असला तर मी वही उघडतच नाही.

सध्या विकली पिव्होट काढतोय, मागच्या आठवड्याचा हाय, लो, क्लोज घेऊन, कारण गिऱ्हाईक सोडून दिवसभर स्क्रीनपुढं बसणं आपल्याला परवडत नाही.