बेलग्रेडचं सेंट मार्क चर्च: दिसायला चौदाव्या शतकाचं, बांधलेलं 1930 च्या दशकात

सर्बियाच्या राजधानीला, बेलग्रेडला, जाणारे बहुतेक जण सेंट सावाचं अवाढव्य चर्च बघतात, कालेमेग्दान किल्ल्यावर संध्याकाळ घालवतात आणि पुढच्या गावाला लागतात. ताशमायदान बागेच्या कडेचं सेंट मार्क ट्राममधूनही दिसतं, त्यामुळे ते ‘पाहिलं’ म्हणून मोकळं होता येतं. दोन महायुद्धांच्या मधल्या वास्तुकलेत थोडाही रस असेल तर असं करू नका.

पेटार आणि ब्रांको क्रस्तिच या भावांचं हे काम, 1931 ते 1940 या काळातलं. नमुना कोसोवोतल्या ग्राचानित्सा मठाच्या चर्चचा, म्हणजे चौदाव्या शतकातल्या सर्बियन राजा मिलुतिनच्या काळातला. मधे मोठा घुमट, कोपऱ्यांवर चार लहान, भिंतींवर लाल-पिवळे पट्टे. लांबून बघणाऱ्याला ही जुन्याची नक्कलच वाटते, आणि तसं म्हणणारे टीकाकार अगदीच चुकीचे नाहीत.

पण भिंतीला खेटून उभं राहून बघा. मध्ययुगीन सर्बियन चर्चमध्ये दगड आणि विटांचे थर, मधे चुन्याचे जाड सांधे, आणि त्यातून आपोआप पट्टे उमटतात. ओळी किंचित डुलतात, कडा झिजलेल्या असतात. इथले पट्टे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त कमानींवर आणि एकावर एक चढत जाणाऱ्या आकारांवर. शिवाय आकारमान बघा: लांबी 62 मीटर, घुमटाची उंची साधारण 60 मीटर. ग्राचानित्सा याच्यासमोर अगदी लहान.

आत गेल्यावर फरक आणखी जाणवतो. दुसऱ्या महायुद्धामुळे आतली सजावट रखडली आणि पुढची कित्येक दशकं तशीच राहिली. संगमरवरी आयकोनोस्टॅसिस (गाभाऱ्यापुढची मूर्तिचित्रांची भिंत) तर 1990 च्या दशकात आली. या अपुरेपणामुळेच बांधणी उघडी वाचता येते: घुमट पेलणारे चार दणकट खांब, वर सरकत जाणारा उजेड. खरं सांगायचं तर मला सेंट सावाच्या सोनेरी झगमगाटापेक्षा हेच जास्त आवडलं. चौदाव्या शतकातला सर्बियन सम्राट दुशान याच्या अस्थी 1968 मध्ये इथे आणल्या, त्यांची समाधी उजव्या हाताला. 1903 च्या लष्करी उठावात मारले गेलेले सर्बियाचे राजा अलेक्सांदर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा तळघरात विसावले आहेत.

मग लगेच चालत निकोला पाशिच चौकात जा, दहा-बारा मिनिटांची वाट. तिथली जुनी कृषी बँकेची इमारत याच भावांची, त्याच दशकातली. दोन्ही एकापाठोपाठ बघितल्या की आधुनिक इमारत करू शकणाऱ्या माणसांनी देवाच्या घरासाठी मुद्दाम जुनी भाषा निवडली, हे डोळ्यांना पटतं. वाटेत संसद भवन लागतं. 1961 ची पहिली अलिप्ततावादी परिषद इथेच झाली होती, नेहरू आले होते.

चर्चच्या मागे छोटं पांढरं रशियन चर्च आहे, 1924 चं. रशियन यादवी युद्धात बोल्शेविकांविरुद्ध लढलेल्या जनरल व्रांगेलची कबर त्यात. जवळच 1999 च्या नाटोच्या बाँबहल्ल्यात फुटलेली दूरदर्शन केंद्राची इमारत तशीच ठेवली आहे. इथे फोटोची घाई नको.

आता कामाचं. प्रवेशाला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बसायला बाकांच्या रांगा नसतात, लोक उभेच राहतात. रविवारी सकाळी उपासना चालू असते, वास्तू निवांत बघायची तर आठवड्यातली दुपार बरी. मेणबत्ती लावायची असेल तर जिवंतांसाठी आणि मृतांसाठी जागा वेगळ्या असतात. शेजारच्याला विचारून लावा. सुटे दिनार जवळ ठेवा. शहरातल्या बस-ट्राम 2025 च्या जानेवारीपासून फुकट आहेत.

भारतीय पासपोर्टला 2023 पासून व्हिसा लागतो. शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर सहसा वेगळा काढावा लागत नाही, तरी निघण्याआधी दूतावासाच्या पानावर खात्री करा. शाकाहारींनी ‘पोस्नो’ हा शब्द पाठ करावा: आपल्या उपासासारखंच हे व्रताचं जेवण, दूध-अंडी-मांस नसलेलं. मासे मात्र त्यात चालतात, तेव्हा ‘बेझ रीबे’, म्हणजे मासे नकोत, हेही सांगायला विसरू नका.