बांध फुटतो तो सांध्यात

मासे आणि पाणपक्ष्यांसाठी छोटं तळं करायचं म्हटलं की चर्चा होते ती बांधाच्या उंचीची. पाणी मात्र सांधे शोधतं.

पहिला सांधा जुन्या जमिनीचा आणि नव्या भरावाचा. गवत, मुळं, वरची भुसभुशीत माती पूर्ण खरवडून काढा. मग मध्यरेषेवर चर खणा, पार घट्ट चिकणमातीपर्यंत, आणि तिच्यातही निदान 30 सेंमी. चर भरायचा तो चिकणमातीनेच.

भराव 15 सेंमीच्या थरांनी. मूठभर मातीचा लाडू वळला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. कोरडी माती कितीही चेपा, ढेकळांमध्ये पोकळ्या राहतातच. रोलरने थर गुळगुळीत झाला असेल तर तो खरवडून, ओलावून मगच पुढचा टाका. नाहीतर दोन थरांमध्ये आणखी एक सांधा तयार.

सगळ्यात दगाबाज सांधा तळाच्या, म्हणजे पाणी सोडायला बांधातून काढलेल्या पाइपाचा. पाइपाच्या पोटाखाली रोलर पोचत नाही. तिथे ओलसर चिकणमाती पातळ थरांनी, हाताच्या धुम्मसानेच ठोकायची. पाइपाखाली वाळूची बिछायत तर नकोच, तीच नाली बनते.

उतार पाण्याच्या बाजूला 3:1 (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), बाहेरून 2:1. तीन मीटरचा बांध 30 सेंमी जास्त उचला, माती बसतेच.

सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, भरावातून कधीच काढू नका. बाजूच्या मूळ जमिनीत, रुंद, सपाट आणि गवताळ हवा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यावर बारीक जाळी ठोकतात. पुरात ती पाल्याने तुंबते, पाणी बांधावरून जातं आणि माशांबरोबर तळंही जातं.

माशांना निदान काही भागात अडीच मीटर पाणी लागतं, पाणपक्ष्यांना उथळ काठ. म्हणून 15 ते 45 सेंमी खोलीचा पट्टा बांधापासून लांबच्या टोकाला ठेवा. बेडकांसाठी वेगळं, बिनमाशांचं डबकं बरं; बरेच मासे त्यांची पिल्लं खातात. बांधावर फक्त गवत. झाड मेलं की कुजलेल्या मुळांची भुयारं होतात, बिळांचंही तेच.

बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली तर पाझराखाली बाटली धरा. पाणी नितळ असेल तर खूण करून दर आठवड्याला धार मोजा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय; त्याच दिवशी तळ्याची पातळी उतरवायला घ्या.