आमची वाटचाल : गंजगोलाई ते दुरुस्ती विभाग

शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवण्याचं आमचं काम लातुरात १९८७ साली सुरू झालं. वडील एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक होते. ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी) फुटली तर नवी मिळायला महिना जातो, हे ते रोज बघत होते. गंजगोलाई या मुख्य बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांनी एक गाळा घेतला. काचेचं सामान मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून यायचं आणि उपकरणं थेट अंबाल्याहून, भुशात बांधलेल्या लाकडी खोक्यांतून. मी बी.एस्सी. झाल्यावर गल्ल्यावर बसलो. तेव्हापासून एक गोष्ट सतत बघत आलोय. पालकाच्या मनात आपल्या पोराला काय करायचं हे बदललं, की दोन-तीन वर्षांत आमच्या ऑर्डर बुकातल्या नोंदी बदलतात. मधल्या काळात संस्थाचालकांनी तुकडी मागितलेली असते, इमारतीवर मजला चढवलेला असतो, कधी कॉलेजचा सगळा अभ्यासक्रमच बदललेला असतो.

आमचं दुकान उभं राहिलं ते लातूर पॅटर्नच्या दिवसांत. शाहू आणि दयानंद ही कॉलेजं आधीपासून होती, पण नव्वदीच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकू लागली आणि सगळा मराठवाडा इकडे वळला. मेडिकल-इंजिनिअरिंगचा प्रवेश तेव्हा बारावीच्या मार्कांवर होता आणि त्या मार्कांत प्रॅक्टिकलचेही मार्क धरले जायचे. म्हणून प्रयोगशाळेला मान होता. उदगीर, अहमदपूर, निलंग्याची कॉलेजंसुद्धा चांगला स्पेक्ट्रोमीटर मागायची. जानेवारीत तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, बाहेरचे परीक्षक येणार आणि मीटर ब्रिजची तार तुटलेली. प्रयोगशाळेतले मामा सायकलला उपकरण बांधून आणायचे आणि आमच्या पायरीवर बसून ते दुरुस्त होईपर्यंत हलायचे नाहीत.

पुढे मेडिकलच्या प्रवेशासाठी सीईटी आली, मंडळाची गुणवत्ता यादी बंद झाली. २०१७ पासून तर राज्यातल्या मेडिकलच्या सगळ्या जागा नीटवर भरू लागल्या. नीटला १८० प्रश्न आणि ७२० मार्क. त्यात टायट्रेशनच्या गुलाबी रंगाला एकही मार्क नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयाच्या प्रॅक्टिकलला आजही ३० मार्क आहेत, पण प्रवेशाच्या हिशोबात ते धरत नाहीत. ज्याचे मार्क धरत नाहीत त्याला वेळ कोण देणार? पोराला सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रात्री अभ्यासिका. कॉलेजात नाव फक्त दाखल्यापुरतं. ट्यूशन एरिया वाढत गेला, क्लास आणि कॉलेज यांच्या टाय-अपची पद्धत आली, पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅच आल्या. नांदेड, बीड, परभणीपासून मुलं येऊन खोल्या करून राहू लागली. मी पालकांना दोष देणार नाही. चार एकर कोरडवाहू शेती असलेल्या माणसाला मुलगी डॉक्टर व्हावी असं वाटलं तर तो ७२० मार्कांकडेच बघणार. पण ज्या कॉलेजांनी प्रयोगशाळेला कुलूप लावून तिथे बेंच टाकले, त्यांना जाब विचारायला हवा होता आणि तो कुणीही विचारला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा धंदा त्या काळात बसलाच असता. तगलो ते बेंच आणि लोखंडी कॉट यांच्यावर. अभ्यासिकांना कप्प्याकप्प्यांची टेबलं लागत होती, होस्टेलांना दुमजली कॉट. एमआयडीसीत एक शेड भाड्याने घेऊन आम्ही फॅब्रिकेशन सुरू केलं. आजही आमच्या उलाढालीत सगळ्यात मोठा वाटा फर्निचरचाच आहे.

मध्ये डी.एड.ची लाट येऊन गेली. बारावीनंतर दोन वर्षं की शिक्षणसेवक, मग पर्मनंट, असा सरळ रस्ता तेव्हा दिसत होता. गावोगावी डी.एड. कॉलेजं निघाली. आमच्याकडून तक्ते, नकाशे, पृथ्वीगोल, गणित पेट्या, विज्ञान पेट्या टेम्पो भरभरून जायच्या. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आणि सगळं थांबलं. वर्गात पाच-सात मुलं उरली, मग तीही नाहीत. एका संस्थेकडे आमची मोठी बाकी अडकली होती. पैसे नाहीत, सामान परत घ्या, असा निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा कितीतरी पेट्यांचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. भिंगं, चुंबकं, होकायंत्रं कागदात तशीच गुंडाळलेली. वडील तेव्हा होते. ते म्हणाले, "हे परत विकायचं नाही." त्या पेट्या आम्ही औसा आणि चाकूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन टाकल्या.

प्राथमिक शाळांचं चित्रही आमच्या डोळ्यांदेखत पालटलं. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तरी पालकांचं समाधान झालं नाही. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांचा कायदा २०१२ चा. त्यानंतर रस्त्यारस्त्यावर इंग्लिश स्कूलचे बोर्ड लागले, पिवळ्या गाड्या वाड्या-वस्त्यांवर फिरू लागल्या. मराठी शाळांनी पट टिकवायला सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, सुरू केलं आणि आमच्याकडचे पचनसंस्थेचे मराठी तक्ते पडून राहू लागले. ते मी अजून छापून घेतो. मागणी थोडी आहे, पण ज्या शाळा मागतात त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

अलीकडची लाट फार्मसीची. नव्या फार्मसी कॉलेजांवर फार्मसी कौन्सिलने २०१९ साली पाच वर्षांची स्थगिती आणली होती, ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कोरोनानंतर मेडिकल दुकान, औषध कंपनी याकडे ओढा होताच. मग डी.फार्म., बी.फार्म.च्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. आम्हालाही गोळ्या विरघळण्याची चाचणी घेणारी यंत्रं, हातानं चालवायचं टॅब्लेट पंचिंग मशीन, हॉट एअर ओव्हन यांची माहिती नव्याने करून घ्यावी लागली. मुलगा पुण्याला जाऊन ती शिकून आला.

याच काळात काही ठिकाणांहून एक मागणी येऊ लागली. तपासणी समिती येणार आहे, आठ दिवसांसाठी उपकरणं भाड्याने द्या, समिती गेली की घेऊन जा. भाडंही चांगलं देऊ करत होते. आम्ही नाही म्हणालो आणि आजही नाहीच म्हणतो. ज्या यंत्राची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत आहे, ते यंत्र मुलाच्या हाताखाली असलंच पाहिजे. उद्या तीच मुलं औषधाच्या काउंटरला उभी राहणार आहेत. या नकारामुळे दोन-तीन मोठी गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती मात्र डोळे झाकून ऑर्डर देतात. आता फार्मसीतही जागा रिकाम्या राहू लागल्याची कुजबुज आहे. डी.एड.चे दिवस बघितल्यामुळे आम्ही फार्मसीच्या मालाचा साठा करत नाही, आगाऊ रक्कम आल्याशिवाय यंत्र मागवत नाही.

इंजिनिअरिंगकडे वेगळीच तऱ्हा. मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा कमी करून कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवल्या जातात. वर्कशॉपमधले लेथ झाकून ठेवलेले आणि शेजारच्या हॉलमध्ये संगणकांच्या रांगा. वडिलांच्या काळात लातूरच्या मुलाला मेकॅनिकल मिळालं तर पेढे वाटायचे. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. त्याचा परिणाम आमच्यापर्यंत मुलींच्या वसतिगृहांच्या चौकशीच्या रूपात आला. कॉटसोबत कुलूपवालं कपाट हवं, असं मुली स्वतः येऊन सांगतात. हा बदल मला मनापासून आवडलेला आहे.

एवढं सगळं बदललं तरी दुकानाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल आम्ही हलू दिलेलं नाही. त्याचा आता वेगळा विभाग झाला आहे. तिथे पोटेन्शिओमीटरच्या फळीवर नवी तार ताणली जाते. दहा पदरी, एकेक पदर एक मीटरचा, आणि सगळीकडे ताण सारखा हवा, नाहीतर वाचन चुकतं. पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी धरते, ती साफ केली जाते. सोनोमीटरच्या घोड्या बदलल्या जातात. हे काम करणारे आमचे मिस्त्री एका कॉलेजातून प्रयोगशाळा परिचर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या हाताखाली दोन आयटीआय झालेली पोरं आहेत. या विभागात नफा फारसा नाही. कॉटच्या पैशावर तो चालतो आणि चालत राहील.

गेल्या काही वर्षांत कॉलेजांचे बी.एस्सी. विभाग आणि गावाकडची हायस्कुलं पुन्हा विचारणा करू लागली आहेत. नवीन घ्यायला अनुदान नाही, जुनं चालू करून द्या म्हणतात. मुख्याध्यापकांना आणि विभागप्रमुखांना विनंती, की डिसेंबरपर्यंत थांबू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी डेड स्टॉक रजिस्टर काढा, बंद पडलेल्या उपकरणांची यादी करा आणि आमच्याकडे पाठवा. उपकरण निर्लेखित करण्याआधी, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याआधी, एकदा आम्हाला बघू द्या. लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत आमची गाडी दर आठवड्याला फिरते, उपकरणं नेण्या-आणण्याचा खर्च आम्ही घेत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांकडून फक्त सुट्या भागांचे पैसे लागतात.