काटा खाली, इंजिन गरम

मे महिन्यात खंबाटकी घाटात तापलेल्या गाड्या काही नवलाच्या नाहीत. तेव्हा बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठीच होता. पुण्याहून निघालेल्यांना घाट चढावाच लागायचा. भर दुपारी, एसी लावून, गाडी भरलेली असली की रेडिएटरची खरी परीक्षा तिथंच व्हायची. त्या दिवशी गॅरेजात टोचन करून आलेली पेट्रोल हॅचबॅक लक्षात राहिली ती मालकांच्या एका वाक्यामुळे. "काटा लालपर्यंत गेला होता हो, पण पुढं आपोआप खाली आला. मला वाटलं गाडी थंड झाली." नंतर इंजिन ठोकायला लागलं, ओढ गेली, तेव्हा कुठं ते थांबले.

काटा खाली आला कारण पाणी संपलं होतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि त्या पाण्याचंच तापमान सांगतो. पाणी उडून गेलं की तो मोकळ्या जागेत उघडा पडतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं इंजिनाचं डोकं, तिकडं भाजून निघत असतं आणि काटा मधोमध शांत. म्हणून चढावर वर गेलेला काटा एकाएकी पडला तर गाडी तिथल्या तिथं बाजूला घेऊन बंद करायची. बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, आणि कोरड्या पडलेल्या गरम इंजिनात गार पाणी तर अजिबात ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड त्यानं वाकतं किंवा तडकतं.

अशा गाडीला नवा रेडिएटर मागवण्याआधी हेड वाचलंय का ते बघावं लागतं, नाहीतर खर्च दोनदा होतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर प्लग काढून सेल्फ मारला, कुठल्याही सिलिंडरमधून पाणी उडालं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही ठिकाणी 12 ते 13 किलोच्या दरम्यान. डिपस्टिकवर तेल काळं, पण दुधाळ नाही, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं नाही. एवढ्यावर रेडिएटरकडे वळायला हरकत नव्हती.

हातपंप लावून दाब दिला, तर वरच्या प्लास्टिक टाकीची नळी जिथं निघते तिथल्या भेगेतून पाणी आलं. त्या भेगेवर आधीच कुणीतरी एमसील थापलं होतं. ते टिकत नाही: टाकी नायलॉनची, गाभा ॲल्युमिनियमचा, दोन्ही तापल्यावर कमी-जास्त फुगतात आणि लेप सुटतो. पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरला डाग देता यायचा, टाकी उघडून नळ्यांत सळया घालून साफ करता यायचं. ते दिवस गेले. हळदीची पूड टाकण्याचा रस्त्यावरचा उपायसुद्धा घरी पोचण्यापुरताच. ती पूड भोकाबरोबर नळ्याही बुजवते.

पण टाकी तडकली कशामुळे? खालचा कॉक उघडला तर विटकरी रंगाचं पाणी आलं. कूलंटचा मागमूस नाही, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. त्यातला क्षार नळ्यांच्या आतून धरतो आणि इंजिनाच्या लोखंडाचा गंज त्यावर बसतो. नुसतं पाणी साधारण 100 अंशांना उकळतं. त्यात निम्मं ग्लायकोल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक, असलं की 107-108 पर्यंत थांबतं, आणि झाकणाच्या दाबामुळं त्याहून वर. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, जागेवर नव्हता, फॅन थेट किल्लीवर जोडलेला. म्हणजे गाडी आधीही तापत होती, आणि दर वेळी कारण सोडून लक्षणावर उपाय झाला होता. थर्मोस्टॅट काढला की रोजच्या धावण्यात इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि घाटात बुजलेल्या नळ्या त्यानं काही मोकळ्या होत नाहीत.

काढताना पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह सोडणं, कारण बोटं आत असताना फॅन फिरू शकतो. होज, म्हणजे रबरी पाइप, चिकटलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचे नाहीत, पकडून पिळायचे. नाहीच सुटले तर कापायचे, तसेही नवेच घालायचे असतात. फॅनची चौकट 10 च्या पान्यानं सुटते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी, गॅस न सोडता रेडिएटरपासून वेगळा करून तारेनं वर बांधला, नळ्यांवर वजन येऊ नये म्हणून. आणि मध्ये सापडली गोधडी: उसाची पाचट, किडे, धूळ, सगळं एकमेकांत विणलेलं. समोरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळं हे कुणाला कळत नाही. कंडेन्सर मागून पुढं, साध्या पाइपनं धुवायचा. वॉशिंग सेंटरची जोराची धार पत्रे दुमडून टाकते.

जुना रेडिएटर हातात घेतल्यावरच जड लागला. कडेचे दात वर करून टाकी उघडली. निम्म्याहून जास्त नळ्यांची तोंडं पांढरट-तपकिरी थरानं बंद. मालकांना तो दाखवला, मग बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागलं नाही.

नवा बसवण्याआधी ब्लॉक आणि हीटर उलट्या दिशेनं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यानं. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून पाहिला. 82 अंशांना उघडायला लागला. त्याची हवा सोडणारी छोटी पिन वरच्या बाजूला ठेवायची. नव्या रेडिएटरच्या नळ्यांवरची प्लास्टिकची टोपणं काढलीत का हे बघा, ती तशीच ठेवून होज चढवलेल्या गाड्या येतात. खालचे रबरी गुटके नवे घातले. झाकण नवं, पण जुन्याच दाबाच्या आकड्याचं, 0.9 बार. जास्त दाबाचं घातलं की जो भाग सगळ्यात कमजोर तो फुटतो. फॅन परत रिलेवर घेतला, म्हणजे किल्लीवर नाही, तापमानावर लागेल.

कूलंट भरताना एक हिशेब चुकतो. हिची पूर्ण क्षमता सुमारे 4 लिटर, पण धुतल्यावर दीडेक लिटर पाणी ब्लॉकमध्ये राहतंच. तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. म्हणून आधी 2 लिटर निव्वळ कॉन्सन्ट्रेट, वर डिस्टिल्ड पाणी. रंग बघून दोन कूलंट मिसळू नयेत, रंगाला काही नियम नाही.

हवा काढायला पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. बुडबुडे येतात, थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकदम गरम होतो, पातळी खाली जाते, भरत राहायचं. फॅन दोनदा लागून बंद झाल्यावर झाकण लावलं. त्याआधी तोंडावर गॅस तपासणीची निळी दवा धरली होती. ती पिवळी झाली नाही, म्हणजे पाण्यात इंजिनाचा धूर येत नाही, हेडखालचं गॅस्केट शाबूत. तापलेलं तेलही बदललं. एसी लावून घाट चढवला, स्कॅनरवर आकडा 101 च्या वर गेला नाही.

मालकांना काम एवढंच दिलं की पहिले आठ दिवस सकाळी, गार इंजिनावर, बाजूच्या डब्यातली पातळी बघायची. उरलेली हवा निघते तशी पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटभर उतरली तर हरकत नाही, तेवढी भरायची. त्यानंतरही रोज उतरत राहिली आणि जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर गाडी परत आणायची, कारण मग हेड उघडावं लागू शकतं.